वारोचा उरलेला शब्द

१२ जुलै १८३६

वारो पडला.

सकाळी दाढी करून घेताना. न्हाव्याच्या हातात वस्तरा तसाच, फेस अर्ध्या गालावर, आणि माझा भाऊ खुर्चीतून उजवीकडे कलला — खेचराच्या पाठीवरून नीट न आवळलेलं पोतं घसरावं तसा. न्हावी ओरडत सुटला, "मी काही केलं नाही! बाईसाहेब, देवाशपथ, मी काही केलं नाही!"

डॉक्टरांनी दोनदा रक्त काढलं. तळपायांना मोहरी चोळली. उजवा हात लुळा, उजवा पाय लुळा, तोंड वाकडं. डोळे मात्र उघडे, माझ्यावर लागलेले.

बोलणं गेलं. एकच शब्द उरलाय — "चल." पाणी पाजलं की चल. उशी सारखी केली की चल. पांघरूण ओढलं तरी चल, चल. खेचरांना म्हणायचा तो शब्द! राजाच्या फौजेशी पंधरा वर्षं लढला, नऊ वर्षं हा देश चालवला, दगडी चौथऱ्यांवर याचे पुतळे उभे आहेत — आणि तोंडात काय राहिलं, तर आमच्या बापाचं खेचरं हाकणं.

१३ जुलै

दॉन ओनोफ्रे सकाळपासून ठाण मांडून आहेत. गृहमंत्री ना! काळ्या कोटाला एक सुरकुती नाही. "बाहेर एक अक्षर जाता कामा नये, बाईसाहेब. साहेबांना सर्दी झालीय. तुम्ही, मी आणि डॉक्टर. बस."

"आणि न्हावी?"

"न्हाव्याची सोय केलीय."

कसली सोय? विचारायचं धाडस झालं नाही मला.

१४ जुलै

चोकेला पकडलं!

वेशीवरच्या पुलावर. एकटा आला होता. बंदूक नाही, कमरेला तलवार नाही. खुर्जीत आमच्यासाठी मेंढीच्या दुधाचं चीज आणि सुकवलेले बटाटे. शिपायांनी म्हणे चीज तिथेच वाटून खाल्लं.

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

कर्नल सेव्हेरिनो चोके आणि वारो एकाच तबेल्यात वाढले. दोघं मिळून घाटावरून मिठाची पोती आणायचे. लढाई सुरू झाली तेव्हा दोघांनी एकाच दिवशी खेचरं सोडून बंदुका घेतल्या, आणि वारोच्या भाकऱ्या भाजायला मी मागोमाग गेले. पुढे वारो जनरल झाला, अध्यक्ष झाला, आणि चोके आपल्या वरच्या पठारावर आपली पलटण घेऊन राहिला.

गेल्या वर्षी वारोने नवी घटना आणली. अध्यक्ष मरेपर्यंत अध्यक्ष. सगळ्या पलटणींनी शपथ घेतली. चोकेच्या पलटणीने नाही. तो भर मैदानात म्हणाला म्हणे, "एक राजा घालवायला पंधरा वर्षं लागली. दुसरा घालवायचा दम माझ्यात नाही, म्हणून आत्ताच नाही म्हणतो." हे वारोला सांगितलं तेव्हा मी समोर होते. तो हसला. मोठ्याने हसला! "चोके तो चोकेच," म्हणाला.

मग जूनमध्ये मला म्हणाला, "ताई, पत्र तू लिही. कारकुनाचं अक्षर बघून तो यायचा नाही. तुझं अक्षर ओळखतो तो." त्याने सांगितलं, मी लिहिलं. ये. आपल्या घरी जेव. भांडण काय असेल ते जेवल्यावर भांडू. तुझ्या केसाला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द.

खाली त्याची सही.

आणि चोके शब्दावर आला — आणि शब्द देणारा दोन दिवसांपूर्वी आडवा झाला — आणि ओनोफ्रेने डाव साधला!

१५ जुलै

ओनोफ्रेला जिन्यात गाठलं. म्हटलं, "माझ्या भावाने अभय दिलंय त्याला. माझ्या हाताने दिलंय."

"कल्पना आहे, बाईसाहेब."

"मग?"

"मी नवीन काहीच करत नाहीये. सांगितलेलं पुरं करतोय."

"कुणी सांगितलेलं?"

त्याने दाराकडे पाहिलं. आत वारोचं चाललं होतं, चल, चल, चल. मग अगदी हळू म्हणाला, "तुम्हाला तुमचा भाऊ माहीत आहे. मला राष्ट्राध्यक्ष माहीत आहेत."

खोटारडा मेला! पांगळ्या माणसाच्या नावावर काहीही खपवायचं!

१७ जुलै

आज वारोला सांगितलं. डॉक्टर नको म्हणत होते. पण मला राहवेना. त्याचा डावा हात हातात घेतला आणि म्हटलं, "वारो, त्यांनी चोकेला धरलंय. किल्ल्यात टाकलंय."

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! उशी भिजली. आईच्या मातीला जो रडला नाही तो माझा भाऊ लहान पोरासारखा हुंदके देत होता. मी डॉक्टरांना ओढत आणलं. बघा म्हटलं, त्याला सगळं समजतंय, मित्रासाठी जीव तुटतोय त्याचा.

डॉक्टर म्हणाले, "या आजारात रडू आपोआप येतं, बाई. हसूही येतं. त्याला धनी नसतो."

धनी नसतो! चाळीस वर्षं ओळखते मी त्या डोळ्यांना.

१८ जुलै

मक्याची पेज तीन चमचे. चौथा बाहेर आला.

१९ जुलै

दिवसभर त्याच्या उशाशी. काम काहीच नाही, नुसतं बसायचं. खिडकीबाहेर पहारा बदलतो, घोडे जातात, चौकात कोणीतरी ओनोफ्रेच्या नावाने 'चिरायू होवो' ओरडतं. मला जुनं आठवत राहतं.

वारोला वयाच्या एकविसाव्या वर्षी अक्षरं मी शिकवली. जोगिणींच्या मठात भांडी घासता घासता मी शिकले होते. त्याला पाटी मिळेना म्हणून खोगिराच्या चामड्यावर खडूने. 'अ' काढताना जीभ बाहेर यायची त्याची. चोके पलीकडे बसून कोकाची पानं चघळत चिडवायचा, "वारो, तू अक्षर काढतोस की अक्षर तुला काढतंय?" तो मात्र शेवटपर्यंत शिकला नाही. वाचायचा थोडंफार, लिहायचा नाही. म्हणायचा, "मला सही लागेल असं मी काही करणार नाही."

आणि तो बर्फातला घाट. वारोच्या मांडीत गोळी. सैन्य पुढे गेलेलं, मागे राजाचे घोडेस्वार. चोकेने त्याला पाठीवर बांधलं — खेचरावर बांधतात तसं, आडव्या दोरांनी — आणि दोन दिवस चालला. मी मागून पाऊलखुणा पुसत होते माझ्या घाघऱ्याने. वारो तापात बडबडत होता, सारखं विचारत होता, "मला टाकून तर नाही ना देणार?" चोके म्हणाला, "टाकलं असतं रे, पण दोर चांगले आहेत."

ज्याला पाठीवर आणलं तो याला मरू देईल? कसं शक्य आहे?

२१ जुलै

रुफिना आलीय. चोकेची बायको. वरून चार दिवस चालत. दोन्ही मुलींना बहिणीकडे ठेवून. फाटकावर शिपाई तिची टिंगल करत होते, "काय गं, लोकर विकायला आलीस? अध्यक्षांना सर्दी आहे, घेतील हो!" मी स्वतः खाली जाऊन तिला आत आणलं.

खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून जमिनीवर बसली. मी दिलेली पेज पुढ्यात गार होऊ दिली.

"बाईसाहेब, तुमचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, जाऊ नका. ते म्हणाले, दोराचं, म्हणजे तुमचं, अक्षर आहे."

मी पेजेची वाटी तिच्याजवळ सरकवली.

मग ती म्हणाली, "तुमचं त्यांच्याशी जमत होतं ना एकेकाळी? मला ठाऊक आहे. त्यांनीच सांगितलं. मला कधी राग नाही आला. आज मात्र वाटतं, झालं असतं तर बरं होतं. मेहुण्याला असं कुणी धरून नेत नाही."

खरंय. त्याने नदीकाठच्या छावणीत वारोकडे माझा हात मागितला होता. वारो म्हणाला, "लढाई संपू दे." लढाई आणखी नऊ वर्षं चालली. कुणी कुणाला फसवलं नाही. दिवस गेले, एवढंच.

तिला स्वयंपाकघरामागच्या खोलीत ठेवलंय. ओनोफ्रेला कळलं तर कळू दे.

२३ जुलै

किल्ल्यात जाऊन आले. अध्यक्षांची बहीण म्हणून सोडलं. अजून एवढा मान उरलाय.

चोके म्हातारा झालाय. दाढी पांढरी. पायात बेडी. मला बघून उठला, बेडी वाजली तसा स्वतःच दचकला आणि हसला.

"दोरा! म्हातारी झालीस की!"

"तू कोण कोवळा राहिलायस?"

मी नेलेली कोकाची पानं हुंगली त्याने, मोजून चार तोंडात टाकली, बाकीची खिशात. "वारो कसा आहे? खरं सांग. इथे सगळे सर्दी सर्दी करतायत. दहा दिवस सर्दी कुणाला असते? बर्फात झोपलोय आम्ही, कधी शिंकला नाही तो."

सांगितलं सगळं. 'चल'चंही सांगितलं. तो आधी खो खो हसला, मग बाहीने डोळे पुसले. "ती करडी खेचरी आठवते? पाऊल उचलायची नाही. तिच्या कानात जाऊन म्हणायचा, चल गं माझे आई. बिचारा! आता त्याला कोण म्हणणार?"

म्हटलं, "तो बरा होईल. बोलायला लागला की पहिली तुझी बेडी काढेल. फक्त तोपर्यंत तग धर."

तो म्हणाला, "पत्र तू लिहिलंस."

"हो."

"शब्द कुणाचे?"

"त्याचेच. एकेक शब्द त्याने सांगितला."

"केसाला धक्का लागणार नाही — हेही त्याचंच? का तू घातलंस आपल्या मनाने?"

"त्याचंच. दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. चोके, तुला त्याचा संशय येतोय? अरे, तो धड असता तर तू आत्ता आमच्या टेबलाशी बसून डुक्कर खात असतास!"

त्याने खिशातलं आणखी एक पान काढून तोंडात टाकलं. मग हसला. कडू नाही. दमलेला माणूस ओझं उतरवून हसतो तसं. "बरं," म्हणाला. "तुझ्याकडे काही दोष नाही, दोरा. एवढं मात्र पक्कं लक्षात ठेव."

का म्हणाला असं? मी कुठे दोष घेतला होता?

२६ जुलै

लष्करी कोर्ट बसलं. दुपारच्या जेवणाआधी उठलं. फितुरी. गोळ्या घालून मृत्यू.

२७ जुलै

कायदा मी ओनोफ्रेच्याच कारकुनाकडून काढून घेतला. देहदंडावर अध्यक्षांची सही हवी. सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर तोंडी होकार. वारोनेच घातलेलं कलम! आपल्या माघारी कुणी कुणाला मारू नये म्हणून. बघा, असा आहे माझा भाऊ.

म्हणून आज मी एक युक्ती केली. खोलीत दोघंच. त्याचा धड असलेला डावा हात धरला. "वारो, नीट ऐक. चोकेला सोडायचं? हो असेल तर माझा हात दाब."

दाबला! घट्ट दाबला! मी रडले, त्याच्या कपाळाचा मुका घेतला, रुफिनाला हाक मारणार होते.

आणि मग — कोणती अवदसा आठवली मला — म्हटलं, खात्री करून घ्यावी. "वारो, चोकेला मारायचं? हो असेल तर दाब."

दाबला. तेवढाच घट्ट.

पुन्हा विचारलं. पुन्हा दाबला. "आज रविवार आहे का?" दाबला. "मी तुझी आई का?" दाबला, आणि म्हणाला, चल.

दुसरा प्रश्न मी विचारायलाच नको होता. इथेच लिहिते. कुणाला सांगणार नाही.

२८ जुलै

ओनोफ्रेला सांगितलं, "अध्यक्षांचा नकार आहे. हात दाबून सांगितलं मला."

तो मान कलती करून ऐकत होता. "उलटा प्रश्न विचारून पाहिलात?"

"हो," म्हटलं. "तेव्हा दाबला नाही."

आयुष्यात इतकं धडधडीत खोटं बोलले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिलं — आणि मला वाटतं त्याला कीव आली माझी. कीव! त्याला!

"तुम्ही झोपत नाही का हल्ली, बाईसाहेब? थोडी विश्रांती घ्या."

३० जुलै

बिशपांकडे गेले. त्यांना सर्दी झालीय म्हणे. खरीखुरी की आमच्यासारखी?

तिथून वारोच्या जुन्या पलटणीच्या कप्तानाकडे. त्याला मी एकदा तापात स्वतःच्या हाताने पेज भरवली होती. तो दारात उभा राहून टोपी चुरगाळत राहिला. "दोरोतेयाबाई, मला चार मुलं आहेत." एवढंच. मी म्हटलं, "असू देत. देव त्यांना उदंड आयुष्य देवो." आणि परत आले. टोचून बोलायला गेले आणि बोलता बोलता खरंच आशीर्वाद झाला तो.

२ ऑगस्ट

झालं.

ते सकाळी अकराला आले. ओनोफ्रे, दोन न्यायाधीश, एक कारकून. मी पलंगाच्या कडेला वारोला टेकून बसले. उठणार नाही म्हटलं. ओनोफ्रे म्हणाला, "बसा की. तुम्हाला कुणी उठवत नाहीये."

त्याने निकाल वाचला. सावकाश, एकेक शब्द स्वच्छ. सेव्हेरिनो चोके हे नाव आलं तेव्हा वारोचा श्वास जोरात चालायला लागला. मला अंगाला जाणवत होतं. वाचून झालं. ओनोफ्रे वाकला. "साहेब, आपली संमती?"

मी मनात म्हणत होते, गप्प बस, वारो. एकदाच, जन्मात एकदाच गप्प बस. मी त्याच्या तोंडावर हात ठेवायला गेले —

"चल," तो म्हणाला. "चल. चल."

"लिहून घ्या," ओनोफ्रे कारकुनाला म्हणाला.

मी किंचाळले. "अहो, तो पाण्यालाही चल म्हणतो! भांड्यावर बसवलं तरी चल म्हणतो! आत्ता विचारा त्याला, ओनोफ्रेला फाशी द्यायची का, बघा काय म्हणतो!"

एका न्यायाधीशाने खाली मान घातली. दुसऱ्याने सही केली. मग पहिल्यानेही केली.

मी दौत उचलून फेकली. भिंतीवर लागली. कारकुनाने खिशातून दुसरी काढली. तयारीनेच आले होते.

वारो रडत होता. मी त्याचे डोळे पुसले, माझे पुसले, एकाच रुमालाने. बाहेर रुफिना उभी होती. मला काही सांगावं लागलं नाही.

३ ऑगस्ट

रुफिनाला किल्ल्यात भेटीला सोडलं. मला नाही सोडलं.

४ ऑगस्ट

सकाळी आठला, किल्ल्याच्या आवारात. मी स्वयंपाकघरात होते. मुद्दाम तिथे, पलीकडच्या भिंतीला, म्हणजे ऐकू येऊ नये. मक्याचं पीठ मळत होते. ऐकू आलंच. आधी ढोल. मग एकदम सगळ्या बंदुका. मग थोड्या वेळाने एकटी एक.

हात पिठात तसेच. धुवायला सुचेना. स्वयंपाकीण म्हणाली, "बाई, पीठ घट्ट झालं." मी पाणी घातलं.

वर गेले तर वारो जागा. खिडकीकडे तोंड. आवाज त्यानेही ऐकला असणार. पलंगाशी बसून त्याचा लुळा हात चोळत राहिले.

५ ऑगस्ट

प्रेत रुफिनाला दिलं. तेवढं मी करून घेतलं, ओनोफ्रेच्या पायावर डोकं ठेवून. खरंच ठेवलं. आता कसली लाज?

एक खेचर दिलं तिला तबेल्यातलं. घोंगडीत गुंडाळून तिने स्वतः दोर आवळले. माझा हात लागू दिला नाही. निघताना मात्र थांबली.

"त्यांनी निरोप दिलाय तुमच्यासाठी. म्हणाले, दोराला सांग, मी रागावलो नाही."

"आणि तू?"

"मी रागावलेय," रुफिना म्हणाली. "मी मरेपर्यंत रागावलेली राहणार." आणि गेली.

बरं वाटलं मला. कुणीतरी खरं बोललं.

८ ऑगस्ट

काही लिहिण्यासारखं नाही.

१९ ऑगस्ट

वारो आज "पाणी" म्हणाला!

चल नाही. पाणी. आणि पाणीच हवं होतं त्याला! डॉक्टरांनी तीनदा करून घेतलं. उजव्या पायाचा अंगठाही हलतोय. मला आनंद व्हायला हवा. झालाही. मग लगेच मनात आलं, पंधरा दिवस. देवा, पंधराच दिवस आधी दिलं असतंस!

२५ ऑगस्ट

"ताई." आज मला ताई म्हणाला. मी तोंडात पदर कोंबून बाहेर गेले.

३० ऑगस्ट

शब्द परत येतायत, पण गर्दीत चुकलेल्या मेंढरांसारखे, एखाददुसरा. पेज. ऊन. दार. बूट. ओनोफ्रे रोज येऊन अर्धा तास बसतो, काही विचारत नाही, निघून जातो. आज वारोने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. बराच वेळ. आता सापडलास बेट्या, म्हटलं मी मनात. याची जीभ सुटू दे. सोलून काढेल तुला.

७ सप्टेंबर

भीती एकच. चोकेचं त्याला सांगायचं कसं?

डॉक्टर म्हणतात, धक्का बसला तर दुसरा झटका येईल आणि मग खेळ खलास. नोकरांना सगळ्यांना बजावलंय, ते नाव घरात काढायचं नाही. पण मला ठाऊक आहे, तो विचारणार. मित्राला जेवायला बोलावलं होतं, कुठे आहे तो, म्हणून विचारणारच. बंदुका ऐकल्या होत्या तर मनात शंका असेलच.

रोज आरशासमोर उभी राहून म्हणून बघते. वारो, चोके आपल्यात राहिला नाही. नको, फार सपक. वारो, तुझ्या नावावर त्यांनी पाप केलं. नको, तापेल. वारो, माझा इलाज चालला नाही. हे खरं आहे. पण हे ऐकून तो मलाच विचारेल, ताई, तू काय करत होतीस? पीठ मळत होते, असं सांगू?

१४ सप्टेंबर

काठीने चार पावलं चालला. बाल्कनीपर्यंत. खाली चौकातल्या लोकांनी पाहिलं आणि टोप्या हवेत उडाल्या. "उगार्ते! उगार्ते! जनरल उगार्ते चिरायू होवोत!" म्हाताऱ्या बायका गुडघ्यावर बसल्या. कुणीतरी ओरडलं, "सर्दी बरी झाली!" आणि सगळा चौक हसला. भाबडे कुठले! की त्यांनाही माहीत होतं?

त्याने डावा हात उंच केला. गाल ओले. डॉक्टर म्हणतात धनी नसतो. पण या वेळी होता. मला कळतं.

१८ सप्टेंबर

आज तीन शब्द जोडून. "ऊन बरं आहे." आता कोणत्याही दिवशी विचारेल. जपमाळ घेऊन बसते.

२२ सप्टेंबर

आज विचारलं. पेज भरवत होते. अख्खं वाक्य, एकही शब्द न अडखळता. "चोकेला कधी उडवला?"

माझ्या तोंडून तारीखच निघाली. चार ऑगस्ट.

त्याच्या कपाळाला आठी पडली. "इतका उशीर? पुलावरच उरकायला सांगितलं होतं मी ओनोफ्रेला."

मग त्याने तोंड उघडलं. मी चमचा भरला.